रव्याच्या डब्यातल्या गोळ्या

आमच्या स्वयंपाकघरात मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर स्टीलचा एक डबा आहे. झाकणावर सासूबाईंचं नाव घातलेलं, त्यातलं एक अक्षर ठोकणाऱ्याच्या हातून चुकलेलं. आमच्या लग्नानंतर त्यात रवा कधी पडल्याचं मला आठवत नाही, पण त्याला म्हणायचं रव्याचा डबाच. मी पीत होतो तेव्हा बायको त्यात पैसे लपवायची. दुधाचे, मुलाच्या फीचे. ते मी शोधून काढायचो हे वेगळं सांगायला नको. आता त्यात माझ्या औषधाच्या गोळ्या असतात.

मी मुद्रितशोधक. आप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात आयुष्य गेलं. दुसऱ्यांच्या चुका दिसतात, स्वतःच्या दिसत नाहीत, हा या धंद्याचा नियम मी घरीही तंतोतंत पाळला. २०११ च्या जून महिन्यात मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालो. ३५ दिवस राहिलो, त्यानंतर घेतलेली नाही. पिण्याच्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. सगळ्या दारुड्यांच्या गोष्टी सारख्याच असतात, फक्त बारची नावं बदलतात.

त्यातली एकच गोष्ट इथे लागणार आहे. त्या काळात माझं एक हुकमी दुखणं होतं, कंबरेचं. मालकांची केबिन वरच्या मजल्यावर, लाकडी जिना. तीन पायऱ्या राहिल्या की मी डावा हात खुब्यावर ठेवायचो आणि उरलेलं अंतर पाय ओढत जायचो. मालक विचारायचे, "काय हो, काय झालं?" "कंबर धरलीय. एक्स-रे सांगितलाय. दोनशे मिळाले असते तर..." मालक भले होते. मिळायचे. घरीही तेच. दुखतंय म्हटलं की उशिरा उठण्याला, चिडण्याला, संध्याकाळी 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणण्याला, सगळ्यालाच कारण मिळायचं. 'दुखतंय' या शब्दावर मी किती वर्षं जगलो त्याचा हिशेब ठेवला असता तर भविष्यनिर्वाह निधीपेक्षा मोठा आकडा निघाला असता.

आणि २०१८ साली पावसाळ्यात डाव्या जांघेत खरंच दुखायला लागलं.

आधी दोन महिने मी कुणाला सांगितलंच नाही. सांगायचं कोणत्या तोंडाने, हा प्रश्न होता, कारण वाक्य तेच होतं, आवाज तोच होता आणि हातसुद्धा नकळत त्याच जागी जात होता. शेवटी एका रात्री बायकोला म्हणालो, "अगं, खुब्यात फार दुखतंय." तिने खुब्याकडे पाहिलं नाही, माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्या उशाशी ठेवला. तांब्या ठेवायला इतकं जवळ यायची गरज नव्हती. सात वर्षं झाली होती सोडून, तरी तिने वास घेतला. मला राग आला नाही. तिच्या जागी मी असतो तर तोंड उघडायला लावलं असतं.

'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर' अशी म्हण आहे आपल्याकडे. माझ्या बाबतीत जागा सोपी होती, दुखणाराच अवघड होता.

साताऱ्याच्या आत्याला कळलं तेव्हा ती तिच्या पद्धतीने धावून आली. निर्गुडीचा पाला, एरंडेल, आणि पिशवीतून मोठ्या मायेने काढलेली दशमूलारिष्टाची बाटली. "वाताचं आहे रे, दोन झाकणं जेवणानंतर घे." मी सवयीने लेबलावरची बारीक अक्षरं वाचायला घेतली. स्वयंनिर्मित अल्कोहोल, अमुक टक्के. आसवं-अरिष्टं आंबवूनच करतात, त्यात ते येणारच, यात कुणाची लबाडी नाही. पण आत्याला हे समजावून कसं सांगायचं? ती म्हणाली, "अरे, हे तर बाळंतिणीलाही देतात." पाला ठेवून घेतला, बाटली परत पाठवली. आत्या महिनाभर बोलली नाही.

मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेलो. नवीन होते, माझी पूर्वपीठिका त्यांना ठाऊक नव्हती आणि मी सांगितली नाही. एक्स-रेत काही निघालं नाही. त्यांनी ट्रॅमाडॉल या अफूवर्गातल्या वेदनाशामकाच्या दहा गोळ्या लिहून दिल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ट्रॅमाडॉल अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं होतं. औषधवाल्याने चिठ्ठी उलटसुलट पाहिली, शिक्का मारला, स्ट्रिप दिली. वेष्टनावर लाल अक्षरांत 'एनआरएक्स' छापलेलं होतं. त्या कायद्यात येणाऱ्या औषधावर ती खूण लागते. माझ्या डोळ्याला ती लगेच सापडली.

ती स्ट्रिप दोन दिवस माझ्या शर्टाच्या खिशात होती. फोडली नाही. पण खिशावर हात गेला की फॉइलचा चुर्रर्र असा बारीक आवाज यायचा, आणि तो आवाज मला आवडायला लागला होता. क्वार्टरच्या बाटलीचं सील तुटताना व्हायचा त्याची आठवण करून देणारा. गोळी न घेताच मी अर्धा घेतल्यासारखा झालो होतो.

तिसऱ्या दिवशी मी ती ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, मीटिंगमध्ये टेबलावर ठेवली. एकजण म्हणाला, "गोळी म्हणजे सुकी दारू. एक फोडलीस की संपलास." दोघांनी माना डोलावल्या. कोपऱ्यात बसणारे एक म्हातारे सभासद आहेत, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. ते म्हणाले, "आपण इथे कुणी डॉक्टर नाही. पण एक सांग, ज्याने ही लिहून दिली त्याला तू दारुड्या आहेस हे सांगितलंस का?" मी गप्प. "मग ही चिठ्ठी तुझी नाहीच. दुसऱ्याच कुणाला तरी दिलीय त्याने."

ए.ए.च्या स्वतःच्या पुस्तिकेतही हेच म्हटलेलं आहे, की सभासदांनी एकमेकांची डॉक्टरकी करू नये आणि डॉक्टरपासून काही लपवू नये. पण मीटिंगमध्ये पुस्तिकेपेक्षा सुक्या दारूचंच जास्त चालतं. मला त्या माणसाचाही राग नाही. खोकल्याच्या औषधापायी परत गेलेले त्याने पाहिलेत, मीही पाहिलेत.

अण्णांचं ऐकून मी सांगायला लागलो. सगळीकडे त्याचा उपयोग झाला असं नाही. कोपऱ्यावरचे डॉक्टर खुर्चीत सरळ बसले, स्ट्रिप परत घेतली आणि एमआरआय करायला सांगितला. एका मोठ्या रुग्णालयात मात्र माझा इतिहास केसपेपरवर लिहिला गेला आणि त्यानंतर समोरच्याचा स्वर बदलला. आत काय दुखतंय हे कुणी विचारेना. रात्री कळ असह्य झाली तेव्हा ड्युटीवरची सिस्टर म्हणाली, "तुम्हाला त्याची सवय आहे ना, म्हणून जास्त वाटतं." त्यात थोडं शास्त्र आहे, हे मला पुढे कळलं. दारू हे स्वतःच एक वेदनाशामक आहे. वर्षानुवर्षं घेतली की मज्जासंस्था तिच्या हिशेबाने बसते, आणि सोडल्यावर काही काळ दुखणं पहिल्यापेक्षा जास्त जाणवतं. अफूवर्गातल्या औषधांचंही तसंच, दीर्घकाळ घेतली की कधी कधी वेदना उलट तीव्र होते. म्हणजे सिस्टर म्हणाली ते 'जास्त वाटतं' वैद्यकीय दृष्ट्या शक्य आहे. तिने फक्त त्याचा अर्थ 'सोंग आहे' असा घेतला होता.

एमआरआयमध्ये निघालं ते एव्हीएन, म्हणजे अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. मांडीच्या हाडाचा वरचा गोल माथा खुब्याच्या वाटीत बसतो, त्याचा रक्तपुरवठा आटतो, हाड आतून मरतं आणि भाराखाली चेपत जातं. सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही. स्टिरॉइड आणि दारू ही दोन ठळक कारणं. कोविडनंतर स्टिरॉइडमुळे हेच घेऊन काही रुग्ण मुंबईत आले, तेव्हा २०२१ साली वर्तमानपत्रांत हा शब्द गाजला. माझा आधीचा, दारूचा.

म्हणजे डावा खुबाच. जिन्यावर हात ठेवायचो तोच. याला काव्यगत न्याय वगैरे म्हणायला माझी हरकत आहे, खुबे दोनच असतात. पण एक विचार अजून छळतो. हाड एका दिवसात मरत नाही. त्या जिन्यावरच्या शेवटच्या वर्षांत थोडं खरंच दुखत असेल का? सोंग कुठे संपलं आणि दुखणं कुठे सुरू झालं, हे मला आज शपथेवर सांगता येणार नाही.

खुबा बदलायचा ठरला, २०१९ ची दिवाळी आठवड्यावर आली असताना. शस्त्रक्रियेआधी मला वेदना-चिकित्सेच्या डॉक्टरकडे पाठवलं. मूळच्या भूलतज्ज्ञ, माझ्या मुलीच्या वयाच्या. मी खुर्चीत बसायच्या आत म्हणालो, "डॉक्टर, मी दारुडा आहे. आठ वर्षं प्यायलेलो नाही." त्या म्हणाल्या, "बरं झालं काका, आधीच सांगितलंत. व्यसनाच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का? नाल्ट्रेक्झोन?" नव्हती. तलफ रोखणारी ती गोळी चालू असेल तर मॉर्फिनसारखी औषधं लागूच पडत नाहीत, म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी तीन-चार दिवस ती बंद ठेवावी लागते. न सांगणाऱ्याचे टेबलावर हाल होतात. 'व्यसनी माणूस, कमी द्या' या घाबरट हिशेबानेही हालच होतात, हेही त्यांनीच सांगितलं. शस्त्रक्रियेनंतरची कळ नीट आवरली नाही तर माणूस ती आवरायला आपला जुना उपाय शोधतो.

मग त्यांनी कागद घेऊन आखून दिलं. पाठीतली भूल, सोबत मांडीच्या नसेचा ब्लॉक. पॅरासिटामॉल दर सहा तासांनी, माझ्या यकृताचा हिशेब धरून दिवसाला दोन ग्रॅमच्या वर नाही. जोरदार गोळी रुग्णालयात ठरलेल्या वेळीच, आणि घरी नेताना मोजून नऊ. दिवसाला तीन, तीन दिवस, बस. बायकोकडे वळून म्हणाल्या, "काकू, या तुमच्याकडे राहतील." आणि मला, "काका, मागायची नाही. मागितलीत की तुमचं डोकं जुन्या रस्त्याला लागतं. जास्त दुखो, कमी दुखो, घड्याळ देईल."

घड्याळ देईल! मी चाळीस वर्षं माणसांकडे मागत आलो होतो. मालकांकडे, बायकोकडे, पानवाल्याकडे. प्रत्येक मागण्याला एक गोष्ट रचावी लागायची. इथे गोष्टीची गरजच काढून घेतली होती.

ही कल्पना नवी नाही, हे पुढे वाचनात आलं. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांसाठीचं शुश्रूषागृह, काढणाऱ्या सिसिली साँडर्स कॅन्सरच्या रुग्णांसाठी हेच सांगत होत्या: कळ येण्याची आणि रुग्णाने याचना करण्याची वाट पाहू नका, वेळेवर द्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कॅन्सरच्या वेदनेसाठी जी पायऱ्यापायऱ्यांची पद्धत मांडली, त्यातही 'घड्याळाप्रमाणे' हे एक सूत्र होतं. त्याच १९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना हे देशातलं पहिलं हॉस्पिस सुरू झालं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून मुक्तांगण उघडलं. एकीकडे गर्दपासून, म्हणजे ब्राऊन शुगरपासून, पोरं वाचवायची धडपड, दुसरीकडे मरणाऱ्याला मॉर्फिन मिळावं म्हणून धडपड. दोन्हींच्या मधोमध १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा तोच कायदा. त्या कायद्याने मॉर्फिन इतकं अवघड करून ठेवलं की कॅन्सरच्या रुग्णांना ते मिळेनासं झालं. तो सैल व्हायला २०१४ ची दुरुस्ती यावी लागली. अनिताताई १९९७ साली कॅन्सरनेच गेल्या.

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ही अनारसे करत होती. मी वॉकर धरून स्वयंपाकघराच्या दारात. पोळपाटावर खसखस पसरलेली, तिच्यावर ती पिठाची गोळी बोटांनी थापत होती. खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातलं बी. त्याच बोंडाला चीर दिली की चीक येतो, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जातो, पुढे त्याचं मॉर्फिन होतं. मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग अनारसा खाऊ नका तुम्ही." दोन वाजले होते. तिने हात धुतले, डबा काढला, एक गोळी दिली आणि उरलेल्या मोजल्या. पाच. मोजताना ओठ हलत होते. ते मला दिसू नयेत म्हणून तिने पाठ केली होती, पण भांड्यांच्या मांडणीत सगळं दिसतं.

नऊ संपल्या. दहावी नव्हती. रात्री अकराला मी घड्याळाकडे पाहिलं आणि काही आलं नाही. वाटलं होतं तेवढं काही झालं नाही, हेही खरं आहे.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण खुब्यातली कळ गेली तरी तळव्यांची आग राहिलीच. दारूने आणि बी-वन जीवनसत्त्वाच्या तुटीने नसा सुकतात, ती. हे दुखणं कुणाला दाखवता येत नाही. रात्री तीनला उठून मी मोरीजवळच्या शहाबादी फरशीवर उभा राहतो, अनवाणी, कारण घरात तेवढीच जागा थंड असते. पाचेक मिनिटं बरं वाटतं. मग फरशी तापते, मी एक फरशी पुढे सरकतो.

त्यासाठी डॉक्टरांनी प्रीगॅबालिन दिली, रात्री नऊला एक. पहिल्याच रात्री आग कमी झाली. आणि आणखी काहीतरी झालं. कानशिलं सैल झाल्यासारखी, गादी जरा पाण्यावर असल्यासारखी. ओळखीचं होतं. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी आठ वाजल्यापासून नऊ वाजायची वाट पाहतोय. घड्याळाकडे मागायला लागलो होतो मी. घड्याळ काही वास घेत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन केला. "डॉक्टर, ही गोळी मला आवडते." त्या हसल्या नाहीत. एकदम बंद न करता ती उतरवत नेली आणि नॉर्ट्रिप्टिलिन कमी मात्रेत सुरू केली. ती गोळी अगदी सज्जन आहे. तोंड कोरडं पडतं, मजा शून्य. आग निम्म्याने उतरली. उरलेल्या निम्म्यासाठी फरशी आहेच.

दुखण्याची वही ठेवायला सांगितली होती, शून्य ते दहा. मी तीन आठवडे रोज सात लिहिलं. पाच लिहिलं तर औषध कमी करतील, नऊ लिहिलं तर नाटकी वाटेल. चांगला मुद्रितशोधक होतो मी, कुठे कानामात्रा लावायची ते कळतं. डॉक्टरांनी वही चाळली, मिटली आणि म्हणाल्या, "काका, आकडे राहू द्या. आठवड्यात जिना किती वेळा चढलात आणि सलग किती तास झोपलात, एवढंच लिहा." त्यात खोटं लिहायला मला अजून जमलेलं नाही.

माझ्या वेळचा मुक्तांगणचा एक मित्र आहे, गर्दचा. बांधकामावरून पडून त्याचे मणके गेले. तो सरकारी केंद्रातून ब्युप्रेनॉर्फिन घेतो, जिभेखाली विरघळणारी. ती तलफही धरते आणि दुखणंही. त्याच्या डॉक्टरांनी तोच डोस दिवसातून तीनदा विभागून दिला, कारण तलफेवरचा असर दिवसभर टिकतो पण दुखण्यावरचा सहा-आठ तासांत उतरतो. तो आता वॉचमनची नोकरी करतो, पोरीचं लग्न केलं. तरी त्याला लोक ऐकवतात, तू कुठला सुटलायस, एक सोडून दुसरं धरलंस. हे ऐकवणारे दिवसाला सहा चहा आणि तंबाखूची पुडी घेतात, हा भाग वेगळा.

अमेरिकेत हे उलट्या टोकाने झालं. १९८० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात अफूवर्गातली औषधं दिलेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसन जडल्याची फक्त चार नोंदली गेलेली उदाहरणं सापडली, एवढाच मजकूर. ते भरती रुग्ण होते, घरी महिनोन्महिने गोळ्या खाणारे नव्हते. पण पुढे सहाशेहून अधिक ठिकाणी त्या पत्राचा हवाला दिला गेला, बहुतेकांनी 'व्यसन लागत नाही' याचा पुरावा म्हणून. मूळ कागद काढून पाहायची तसदी फार थोड्यांनी घेतली. मुद्रितशोधक म्हणून मला यापेक्षा भयंकर गोष्ट माहीत नाही. मग माणसं मरू लागली, २०१६ साली तिथे कडक मार्गदर्शक सूचना आल्या, त्यांचा अर्थ लावून कित्येकांची औषधं एका झटक्यात तोडली गेली, आणि २०२२ साली त्या सूचनाच सैल कराव्या लागल्या. आधी सगळ्यांवर विश्वास, मग कुणावरच नाही. आमच्या घरात हे दोन्ही एकाच माणसावर होऊन गेलंय.

ही दर महिन्याला मुक्तांगणच्या 'सहचरी' गटात जायची. आता जिने जमत नाहीत. तिचे गुडघे गेलेत. गेल्या आठवड्यात संध्याकाळी ती पलंगावर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर. म्हणाली, "अहो, एक पॅरासिटामॉल द्या हो. फार दुखतंय."

मी स्टूल घेतलं, चढलो, रव्याचा डबा काढला, गोळी दिली, पाणी दिलं. तिने ती हातावर धरून ठेवली.

"बघा," ती म्हणाली, "मागितल्याबरोबर दिलीत."

मी डबा घेऊन स्टुलाशी उभा होतो. तिने गोळी घेतली, तांब्या खाली ठेवला, आणि म्हणाली, "किती उरल्या ते मोजून ठेवा. उद्या आणायच्या असतील तर."